फीत चुरगळली होती तिथे

मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी,
इलाहीच्या माडीवर एक टेपरेकॉर्डर होता,
झाकण सायकलच्या ट्यूबनं बांधलेला.
साठ मिनिटांची कॅसेट. आत कागद नाही,
बँडचं नाव बॉलपेननं लिहिलेलं, तेही पुसट.
खाली त्याचे अब्बा भोपळे कापत बसलेले,
आणि वर चौघंजण, अमेरिकन की इंग्रज कोण जाणे,
घसा फाडून आम्हाला काहीतरी सांगत होते.

काय ते कळत नव्हतं.
मग मी अकाउंट्सच्या वहीच्या मागच्या पानावर
थांबवून, पेन्सिलीनं फीत मागं फिरवून,
सगळं गाणं देवनागरीत उतरवलं.
शेवटच्या कडव्यात ड्रम थांबतात,
गिटार नुसती घुमत राहते
आणि तो एकटाच म्हणतो,
होल्ड द... काहीतरी, होल्ड माय नेम.
नेमकी तिथे फीत चुरगळलेली.

इलाही म्हणाला, वॉटर.
पाणी अडव म्हणतोय. महापुराचं गाणं आहे हे, लेका.
आयर्विनला पंचेचाळीस फूट लागलेत
आणि हा गडी काठावर उभा राहून नदीला दटावतोय.
त्याची मावशी सांगलीवाडीची,
आभाळ भरलं की ट्रंका माळ्यावर चढवणारी.
मी म्हणालो, छट्, यात पोरगी असणार.
मला तेव्हा प्रत्येक गाण्यात
बुधगावच्या एसटीतली एकच वेणी दिसायची.

निकाल लावायला मिशन हॉस्पिटलच्या
सिस्टर एस्तेर सकटेंना बोलावलं.
ड्यूटी संपवून आल्या, उभ्याउभ्याच ऐकलं,
दोनदा.
"डॉटर म्हणतोय तो. मुलीला सांभाळ, माझं नाव सांभाळ."
मग जिना उतरता उतरता, आमच्याकडे न बघता,
"माझी वाईला आहे. हॉस्टेलवर."

त्यावरून इलाही आणि मी असे भांडलो
की तीन दिवस बोलणं बंद.
चौथ्या दिवशी अब्बांनी दोघांना खाली बोलावलं.
हातातली कानस बाजूला ठेवली,
तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सरकवला,
नखभर पुढे, मग केसभर मागे,
आणि इतका वेळ ठोकळ्यासारखी वाजणारी तार
मोहोळ उठावं तशी बोलायला लागली.
"तार तीच आहे," ते म्हणाले.
"चला, गाडी आलीय, भोपळे उतरवून घ्या."
आम्हाला वाटलं, म्हातारा विषय बदलतोय.

परवा मुलाच्या मोबाइलवर ते गाणं सापडलं,
तीस वर्षांनी, खाली शब्द अन् शब्द लिहिलेला.
ऑर्डर.
होल्ड द ऑर्डर.
कुठल्याशा हायवेवरून एक ड्रायव्हर
खानावळीत फोन करून सांगतोय,
उशीर होईल, माझी ऑर्डर राहू दे, माझ्या नावावर.
पूर नाही, मुलगी नाही,
बुधगावची तर नाहीच नाही.

इलाहीला फोन लावला, मस्कतला.
तिकडे एसी दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं,
मागे कुठलातरी कॉम्प्रेसर धडधडत होता.
सगळं ऐकून घेतलं त्यानं.
"मग त्यानंच चुकीचं गायलंय," म्हणाला,
आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून दिला.

मी एकटाच हसत दुकान आवरलं.
घरी पोचायला साडेदहा.
सगळे झोपलेले. ओट्यावर माझं ताट झाकलेलं,
झाकण हलू नये म्हणून वर पालथी वाटी.
हात धुतले, पुसले,
आणि वाटी न उचलता कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो.

सिस्टर सकटेंची ती मुलगी
वाईहून परत आली का,
हे आपण कधी विचारलंच नाही.